पायऱ्यांचा तोच फोटो

हे वाचून कुणी म्हणेल, बाईला वेळ जात नाही म्हणून गोष्टी रचतेय. म्हणू दे. मी त्या खोलीत होते. माझ्यासोबत आणखी अकरा माणसं होती, आणि त्यातल्या दोघांनी त्यानंतर तिथे पाऊल ठेवलेलं नाही.

एक आधीच सांगते. यात काळोखी रात्र नाही, ओसाड बंगला नाही. सगळं दिवसाढवळ्या झालं. सोमवारी दुपारी चारला सुरू झालं, एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

मी एक्सरे काढते. अकरा वर्षं हेच काम करतेय. चिरडलेली बोटं, पू धरलेले गुडघे, सगळं पाहून झालंय. मला किळस येत नाही, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आता सांगत नाही.

त्याआधीच्या रविवारी रात्री आमच्यापासून दोनशे किलोमीटरवरच्या एका गावात नदी शिरली. धरणाचं पाणी सोडलं आणि तासाभरात अर्धं गाव बुडालं. सकाळपासून तिथले लोक फोटो पाठवायला लागले. मदतवाल्यांनी एक नंबर दिला होता, त्यावर जो तो आपल्या घराचा, गल्लीचा, पुलाचा फोटो टाकत होता. पण फोटो आला म्हणजे तो कुठला हे कळत नाही. ते शोधायला माणसं लागतात. उपग्रहाने काढलेला नकाशा समोर ठेवायचा, फोटोतला खांब, टाकी, दुकानाची पाटी बघायची, आणि नकाशावर बरोब्बर त्या जागी खूण करायची. ती खूण बघून होडी जाते.

माझी वहिनी त्या कॉलेजात शिकवते. कामाची जबाबदारी तिने अंगावर घेतली. आमच्या सेंटरचं मशीन नेमकं बंद पडलं होतं, म्हणून तिने मलाही ओढलं.

"घरी बसून माशा मारणार त्यापेक्षा ये इथे," ती म्हणाली. "तुझी नजर चांगली आहे."

नजर!

प्रत्येक फोटोखाली तीन बटणं होती. ‘जागा सापडली’. ‘जागा सापडत नाही’. आणि ‘तोच फोटो’, म्हणजे हा आधी आलाय, पुन्हा बघायची गरज नाही. दोघांनी ‘तोच फोटो’ दाबलं की तो रांगेतून बाद.

आता खरी गोम ऐका. ‘सापडत नाही’ दाबलं की कारण लिहावं लागायचं, दोन-तीन ओळी. ‘तोच फोटो’ला काही लिहावं लागत नव्हतं. एक टिचकी, पुढचा फोटो. आणि वहिनीने भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाचं नाव लिहून त्यापुढे आकडा टाकायला सुरुवात केली होती. कुणी किती फोटो निकालात काढले त्याचा. लोकांना हुरूप यावा म्हणून.

हुरूप आला. भलताच आला.

सगळ्यात नकोसे असायचे ते घराच्या आतले फोटो. ना आभाळ, ना रस्ता, ना पाटी. चिखलाने भरलेला सोफा कुठल्याही घरातला असू शकतो. असा फोटो आला की आम्ही नाक मुरडायचो आणि ‘तोच’ दाबून मोकळे व्हायचो. असं करा म्हणून कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळे तेच करत होते.

तो फोटो सोमवारी चारला माझ्यासमोर आला.

एक अरुंद जिना, खालून वर काढलेला. खाली गढूळ पाणी. वर अर्धवट उघडं निळं दार. बाजूच्या भिंतीत एक छोटी जाळी. आणि उजव्या कोपऱ्यात... अंगठा.

फोटो काढताना बोट मध्ये आलं होतं. नखावर किरमिजी नेलपॉलिश, अर्धं खरवडलेलं.

मी ‘तोच फोटो’ दाबलं. तोच नव्हता. पहिलाच होता. पण कोण लिहीत बसणार?

सहाला पुन्हा आला. तोच जिना, तेच दार, तोच अंगठा.

"आला बघा आपला अंगठेबहाद्दर!" माझ्या शेजारचा छायाचित्रकार ओरडला. हा पोटापाण्यासाठी लग्नांचे फोटो काढायचा. "बाई गं, आधी बोट काढ, मग फोटो काढ!"

सगळे हसले. मीही हसले. हातात बिस्किट होतं, ते चहात बुडवलं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

मंगळवारी सकाळी खोलीत शिरले तेव्हा वास आला.

आधी वाटलं, कुणाचा तरी डबा राहिलाय. वहिनीने कचऱ्याची बादली उलटी केली. काही नव्हतं. शिपाईमामांनी फिनेल टाकून फरशी दोनदा पुसली. पण तो वास फिनेलला दाद देईना. गटारात भिजलेल्या गादीचा वास... आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर.

विचित्र म्हणजे तो सतत नव्हता.

तो जिन्याचा फोटो उघडला, की यायचा.

मी शेजारच्याला म्हटलं, "तुला येतोय का?"

त्याने नाकावर रुमाल धरला होता. "येतोय. पण तुमच्या टेबलाकडून येतोय," तो म्हणाला, आणि खुर्ची दोन हात लांब नेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वच्छतागृहात जाऊन मी माझाच कुर्ता हुंगून बघितला.

दुपारी आणखी एक गोष्ट झाली. फोटो आला, मी माउसवर हात ठेवला, आणि तो ओला लागला. नुसता ओला नाही, बुळबुळीत. भांड्याला धरलेल्या शेवाळासारखा. हात उचलून पाहिला तर तळवा कोरडा. पुन्हा ठेवला...

पुन्हा बुळबुळीत.

मी रुमालाने माउस धरून बटण दाबलं. तोच फोटो.

इथे तुम्ही म्हणाल, बाई, एवढं होतंय तर नीट बघावं ना एकदा. बरोबर आहे. पण मला त्या फोटोची शिसारी बसली होती. तो दिसला की कधी एकदा जातोय असं व्हायचं. मी त्याच्याकडे बघतच नव्हते. नजर बाजूला, बोट बटणावर.

बुधवारी तो दर दोन तासांनी आला. फळ्यावर माझा आकडा सगळ्यात मोठा होता. दुपारी वहिनीने त्याभोवती चौकट काढली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी सकाळी फूटपट्टीकाका आमच्या टेबलावर आले.

काका निवृत्त भूमापक. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला. खिशात कायम सहा इंची पट्टी, म्हणून आम्ही पोरासोरांनी ठेवलेलं नाव. ते तोवर पूल आणि रस्ते बघत होते. ते काम संपलं म्हणून वहिनीने त्यांना आमच्याकडे पाठवलं. माझ्यानंतरचा दुसरा ‘तोच’ आता त्यांनी दाबायचा होता.

साडेदहाला जिना आला. मी दाबलं. काकांनी नाही दाबलं.

"कशासारखा तोच?" त्यांनी विचारलं.

"अहो काका, सोमवारपासून येतोय. दाबा."

"आधीचा दाखव."

"बाद झालेले कशाला उघडायचे?"

"दोन फोटो शेजारी ठेवल्याशिवाय मी तोच म्हणत नाही, पोरी. आयुष्यात म्हटलं नाही."

मी चरफडत बाद झालेल्यांची यादी उघडली. त्या एका नंबरवरून सव्वीस फोटो आले होते. समोरचा धरून सत्तावीस. प्रत्येकाखाली बाद करणाऱ्यांची नावं होती, आणि एकोणीस ठिकाणी माझं.

काकांनी ते सगळे मोठ्या पडद्यावर ओळीने लावले. सोमवारपासून गुरुवारपर्यंत.

सगळे उठून पडद्यापाशी आले.

आधी सगळ्यांना दिसला तो अंगठा.

सोमवारचा... साधा. बाईमाणसाचा, नेलपॉलिशवाला.

मंगळवारचा पांढरा पडलेला, कपडे धुतल्यावर होतो तसा सुरकुतलेला.

बुधवारी सकाळचा फुगलेला. बुधवारी संध्याकाळी त्याची कातडी हातमोज्यासारखी सैल होऊन पुढे लोंबत होती.

आणि गुरुवारच्या फोटोत नख जागेवर नव्हतं. ते उचकटून बाजूला सरकलं होतं. किरमिजी रंग तसाच होता.

छायाचित्रकार तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. वास इतका आला की कुणीतरी खिडक्या उघडल्या. मी मात्र खिळून बसले. मी रोज वीस हात बघते हो. बोटं बघणं हा माझा धंदा आहे. तीन दिवस मी त्या अंगठ्याला हसत होते.

"त्याकडे नको बघूस," काका हळूच म्हणाले. "दाराकडे बघ."

त्यांनी पट्टी पडद्यावर ठेवली.

सोमवारी निळ्या दाराच्या फटीत काही नव्हतं.

मंगळवारी दुपारी उंबऱ्यावर... चार बोटं. म्हाताऱ्या माणसाची, बारीक.

मंगळवारी संध्याकाळी मनगट.

बुधवारी सकाळी कोपरापर्यंत हात, आणि पांढरे केस.

बुधवारी दुपारी तो हात वरून पहिल्या पायरीवर आला होता. पंजा उघडा. खाली जे कुणी होतं त्याच्याकडे पसरलेला.

"कुणीतरी सरपटतंय," काका म्हणाले. "वर कुणीतरी जिवंत आहे. आणि लेकरांनो, तुम्ही..."

पुढचं ते बोलले नाहीत. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

मी शेवटचे फोटो पाहिले. बुधवारी रात्रीपासून तो हात एक तसूही हलला नव्हता.

त्यानंतर काकांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. भिंतीतल्या त्या छोट्या जाळीतून बाहेरचं दिसत होतं, नखाएवढं. ते त्यांनी मोठं केलं. लाल पट्ट्यांचं धुरांडं.

"बर्फाचा कारखाना. गावात एकच आहे," ते म्हणाले. धुरांडं जाळीत किती उंच दिसतं, किती तिरकं दिसतं, हे पट्टीने मोजलं. नकाशावर दोन रेघा ओढल्या. "ही गल्ली. उत्तरेकडून तिसरं किंवा चौथं घर."

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळात बघितलं होतं. तीन दिवस आणि अकरा मिनिटं.

दुपारी बाराला होडी पोचली. एकला बचाव पथकाच्या साहेबांचा वहिनीला फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

घर सापडलं. दोन बायका. सून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, चिखलात रुतलेली, हातात फोन घट्ट धरलेला. सासू वरच्या पायरीवर. सासू अंथरुणाला खिळलेली होती म्हणे, दोन वर्षं. सून तिच्यासाठी पिण्याचं पाणी आणायला खाली उतरली असावी आणि पाय घसरला असावा.

"थोडं आधी कळलं असतं तर," साहेब म्हणाले. "म्हातारीचं अंग अजून पुरतं गारही... जाऊ द्या. पण तुम्हाला पत्ता लागला कसा?"

"सुनेचे फोटो येत होते," वहिनी म्हणाली.

"कधीचे फोटो?"

"सोमवारपासून."

"मॅडम, काहीतरी गोंधळ होतोय. ती बाई रविवारी रात्रीच गेलीय. आमचे डॉक्टर इथेच आहेत. आणि या भागात रविवारपासून नेटवर्क नाही. मी तुमच्याशी टेकडीवर येऊन बोलतोय."

माझ्या टेबलावर... टप्प. पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज झाला. टेबल कोरडं होतं.

त्या संध्याकाळी वहिनीने फळा पुसला. ओल्या फडक्याने, दोनदा. आम्हाला सगळ्यांना कौतुकाची पत्रं मिळाली ती नंतर. माझं मी फाडून टाकलं. काही दिवस जेवताना अंगठा घासाला लागला की मी ताट सरकवायची. मी चमच्याने जेवायला लागले. नवऱ्याला वाटलं, हिला कावीळ झालीय.

हे इथे संपलं असतं तरी पुरे होतं.

बारा दिवसांनी त्या बाईचा नवरा आम्हाला भेटायला आला.

तो बंदरावर क्रेन चालवायचा, लांबच्या शहरात. पूर आला तेव्हा तो तिथेच होता. रविवारपासून सगळीकडे फोन करत होता, पण वरचा मजला आहे, सोबत धडधाकट बायको आहे, म्हणून त्यांचं घर बचावाच्या यादीत मागे पडलं होतं. उंच माणूस, पण खुर्चीच्या अगदी कडेला बसला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत चिखलाने माखलेला फोन.

"उघडवत नाही हो," तो म्हणाला. "पुसवतही नाही. तिच्या हाताचा चिखल आहे."

वहिनीने त्याला पाणी दिलं.

"तुमच्यामुळे सापडल्या दोघी. नाहीतर मला त्यांचं काहीच करता आलं नसतं. ताई, एकच विचारायचं होतं. पहिला फोटो तुमच्याकडे कधी आला?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. काकांनी खाली बघितलं.

आणि मी म्हणाले, "गुरुवारी."

जीभ जराही अडखळली नाही.

"गुरुवारी सकाळी. नेटवर्क लागल्यावर सुटला असेल. आला तसा आम्ही लगेच कामाला लागलो."

त्याने डोळे मिटले. मग ओंजळीत तोंड धरून रडला. मोठा माणूस, हुंदके देऊन.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आई बुधवारी रात्रीपर्यंत होती. मला रोज वाटायचं, कुणाला तरी आधी कळलं असेल, कुणी तरी दुर्लक्ष केलं असेल. म्हणजे कुणाच्याच हातात काही नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.

त्याने मला हात जोडले. मला! मी त्याला माझं नाव आणि नंबर लिहून दिला, काही लागलं तर सांगा म्हणून. तो जिना उतरून गेल्यावर मी बेसिनपाशी गेले आणि पोटातलं सगळं बाहेर काढलं. तो वास आता टेबलाकडून येत नव्हता. माझ्याच तोंडातून येत होता.

वहिनी पाठीवर हात फिरवत होती. "बरं केलंस," म्हणाली. "खरं सांगून त्याला काय मिळालं असतं?"

काकांनी त्यांची पिशवी उचलली आणि निघून गेले. ते आता माझा फोन घेत नाहीत.

ही झाली आठवड्यापूर्वीची गोष्ट. मी हे आज लिहितेय, कारण काल सकाळी साडेदहाला मला फोन आला. आमचं मशीन आता दुरुस्त झालंय. आत एक पेशंट हात प्लेटवर ठेवून बसली होती. मी बाहेर येऊन फोन घेतला.

तो होता.

"ताई," तो म्हणाला. "हिच्या नंबरवरून फोटो येतायत."

"फोन तर तुमच्याकडे आहे ना? बंद?"

"समोर आहे. पिशवीत. गाठसुद्धा सोडलेली नाही मी." तो थांबला. "आमच्या जिन्याचे आहेत."

त्याच्या बाजूला टिंग वाजलं. फोटो आल्याचं. मग पुन्हा... टिंग. आम्ही दोघं ऐकत राहिलो. मी मोजत नव्हते, पण किती येणार हे मला माहीत होतं.

मग आवाज थांबला.

"प्रत्येकाखाली वार आहे, वेळ आहे," तो म्हणाला. अगदी शांतपणे, वाचून दाखवल्यासारखं. "आणि त्याखाली नावं आहेत. कुणाकुणाची. तुमचं नाव मला माहीत आहे ताई, तुम्हीच नंबरासोबत लिहून दिलं होतंत."

आतून पेशंट हाक मारत होती.

"बुधवारी दुपारच्या फोटोत आईने हात पुढे केलाय," तो म्हणाला. "त्याच्याखालीही तुमचंच नाव आहे. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

त्याने फोन ठेवला नाही. तो उत्तराची वाट बघत होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि त्याच्याजवळ आणखी कुणाचातरी... ओला, अडकत अडकत येणारा.

मी फोन बंद केला.

काल दिवसभरात त्याने पुन्हा फोन केलेला नाही. आजही नाही. सकाळपासून मी तीनदा त्याचा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. बुधवारी दुपारी मी काय करत होते ते मला चांगलं आठवतं. त्या वेळी सगळे माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते.